कोट घालून अमेरिकेला

"आरामदायक कपडे" हे दोन शब्द माझ्यासमोर कोणी उच्चारले की आजही माझं डोकं फिरतं. विमानाने लांब जाणाऱ्या माणसाला सल्ले देणाऱ्यांची आपल्याकडे फौज आहे. सैल घाला, सुती घाला, एकावर एक घाला, गळ्यात ती उशी अडकवा. जे जन्मात नागपूरहून बुटीबोरीच्या पुढे गेले नाहीत तेही दारात उभे राहून सांगतात. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं, कारण गरज मला होती, आणि मनातल्या मनात सगळ्यांवर दातओठ खाल्ले.

मी शाळेत गणित शिकवते. नवऱ्याला सोडून प्रताप नगरला माहेरी परत आले त्याला आता जमाना झाला. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, मी आणि बाबा. धाकटा भाऊ न्यू जर्सीत. त्या मे महिन्यात त्याच्या मुलीला डॉक्टरकीची पदवी मिळणार होती, आणि बाबांनी जानेवारीपासूनच भेटेल त्याला सांगायला सुरुवात केली होती की नातीच्या समारंभाला मी अमेरिकेला जाणार. दूधवाल्याला सांगितलं, इस्त्रीवाल्याला सांगितलं, रस्ता विचारायला थांबलेल्या माणसालाही सांगितलं. आमच्या घराण्यातली पहिली डॉक्टर. त्यांनी सांगायचं नाही तर कोणी सांगायचं!

पण आदल्या वर्षी बाबांच्या डाव्या पोटरीत रक्ताची गुठळी झाली होती. दवाखान्यात ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. आता गोळ्या चालू होत्या, पाय बरा होता. डॉक्टरांनी जायला हो म्हटलं, पण मला खुर्ची ओढून समोर बसवलं. म्हणाले, "एवढा वेळ विमानात बसायचं, तर कमरेला, मांडीला, गुडघ्यामागे आवळणारं काही नको. मी देतो ते मोजे, त्यावर सैल पँट. आणि मधूनमधून उठून चालायचं, कंटाळा करायचा नाही. पुन्हा गुठळी झाली आणि सरकून छातीत गेली, तर वर आकाशात कोणी काही करू शकत नाही." बाबा शेजारीच बसले होते. त्यांनी नंदीबैलासारखी मान हलवली. मला तिथेच समजायला हवं होतं.

घरी आल्यावर त्यांनी लोखंडी कपाट उघडलं आणि सूट बाहेर काढला. नेव्ही ब्लू. कापड गांधीबागेतलं, शिवलेला रिटायर होण्याच्या आधी. पलंगावर पसरला, कोटावरून हात फिरवला आणि म्हणाले, "हा घालतो."

"बाबा, डॉक्टर आत्ता काय बोलले?"

"आयकलं ना मी."

"मग? हा पँट तुम्हाले कमरेत बसत नाही. मागच्या लग्नात तुम्ही श्वास रोखून जेवले होते."

"जेवलो ना पण."

आता मला सांगा, अशा माणसाशी काय बोलायचं? मी ती पँट घेऊन टेलरकडे गेले. त्याने आतून शिवण उलटून दाखवली. दोनदा सोडून झाली होती, आत सोडायला कापडच उरलं नव्हतं. म्हणजे तोही रस्ता बंद.

मग भावाचे व्हिडिओ कॉल सुरू झाले. हा पोट्टा आमच्याच गल्लीत "काहून बे" म्हणत वाढला, आणि आता प्रत्येक वाक्याला शेवटी "हं" लावतो. "ताई, बाबांना कम्फर्टेबल कपडे घालून आण हं. एक चांगली ट्रॅक पँट घे, दोन टी-शर्ट घे, हं." घे, घे, घे. उन्हाची झळ बाहेर अशी की स्कूटीचं हँडल हातात धरवत नव्हतं, आणि हा तिकडून एसीत बसून मला बाजार सांगत होता. तोंडाला दुपट्टा गुंडाळून मी गेले. दुकानातला पोऱ्या विचारतो, "किसके लिए, मॅडम? जिम जाते क्या अंकल?" मी म्हटलं, नाही, अंकल भांडायला जातात. एक राखाडी पँट घेतली, कमरेला रबर, पायाला मोकळी, खिशाला चेन. काही वाईट नव्हती. मला तिचा रागही नव्हता, हे आधीच सांगून ठेवते.

बाबांनी ती दोन बोटांत धरून उजेडात पाहिली. "हे घालून मी नातीच्या देशात उतरू?"

"सगळे हेच घालतात."

"सगळ्यांचं चालते. आपलं नाही चालत."

आमच्या समोरच्या खोलीत भिंतीवर तो फोटो आहे, आमच्या लोकांच्या प्रत्येक घरात असतो तो. निळा कोट, टाय, चष्मा. बाबांनी फोटोकडे बोट केलं नाही, नुसतं पाहिलं. "साहेब विलायतेले गेले तं लेंगा घालून गेले काय?" या प्रश्नाला आमच्या घरात उत्तर नसतं. देऊन पाहा कोणी.

मला वाटलं, आत्या तरी समजावेल. बाबांची मोठी बहीण, अख्ख्या खानदानात बाबा तिलाच काय ते भितात. तिला फोन करून बोलावलं, रिक्षाने आली, ताक प्यायली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कोटच घाल रे भाऊ." मी कपाळावर हात मारला. मग तिने मला बसवून तेच सांगितलं जे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. आजोबा गावी असताना एकदा इस्त्रीचा सदरा घालून निघाले, तर त्यांना चावडीसमोर तो काढायला लावला. भर दुपारी, बायकापोरांसमोर. मग गाव सोडलं, नागपुरात गिरणीत लागले, दीक्षा घेतली, आणि पहिल्यांदा हातात चार पैसे आले तेव्हा काय केलं, तर पोरासाठी कोट शिवला. "तुया बापाले धड चालता येत नव्हतं वं," आत्या म्हणाली, "पण आंगात कोट होता."

हे मला माहीत नाही का? मी याच घरातली आहे ना? पण इतिहासाने गुठळी विरघळत नाही. मी तसं म्हटलं. आत्याने तडक पिशवी उचलली आणि रिक्षा बघायला निघाली.

भावाने स्वतः समजावून पाहिलं. "बाबा, इथे लोक पायजम्यात विमानात बसतात. कोणी बघत नाही कोणाकडे."

"तुले नसन पाहत कोणी," बाबा म्हणाले. "मले पाहतेत." आणि फोन माझ्या हातात देऊन आत गेले.

शेवटी मी म्हटलं, सूट घालणार असाल तर मी येत नाही. ते म्हणाले, मी एकटा जाईन. आणि गेलेही असते, भैताड माणूस! मी ती राखाडी पँट माझ्या खांद्याच्या पिशवीत तळाशी कोंबली. वाटलं, विमानात पाय दुखायला लागला की आपणच मागतील.

निघायच्या दिवशी बाबांनी दाढी केली, केसांना आदल्या दिवशीच काळा रंग लावला होता, टायची गाठ आरशात तीनदा सोडून बांधली. बहात्तर वर्षांचे आहेत, पण पाठ ताठ. गेटपाशी उभे राहिले तर शेजारचे सगळे बाहेर आले. "वा, काका! एकदम साहेब!" बाबांच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते पाहून मला बरंही वाटलं आणि शेजाऱ्यांच्या एकेकाच्या कानाखाली द्यावीशीही वाटली. पायाचं ओझं त्यांना कुठे वाहायचं होतं.

नागपूरच्या विमानतळावर तपासणीच्या रांगेत कोट काढा, पट्टा काढा, बूट काढा. बाबांनी कोट अस्तर बाहेर येईल असा घडी केला, प्लास्टिकच्या टोपलीत ठेवला, मग उचलला, टोपली रुमालाने पुसली आणि पुन्हा ठेवला. मागे हाफ पँटमधला एक बाप्या खाकरायला लागला. मी वळून म्हटलं, "खोकला आहे का? औषध देऊ?" तो छताकडे बघायला लागला. माझं त्या दिवशी कोणाशीच पटणार नव्हतं.

दिल्लीला विमान बदललं. मोठं विमान, तीन तीन खुर्च्यांच्या रांगा. बाबांना कडेची जागा दिली, म्हणजे उठबस सोपी, शेजारी मधल्या खुर्चीत मी. आजूबाजूला पाहिलं तर भाऊ खोटं बोलला नव्हता. कोणी पायजम्यात, कोणी घरच्या गाऊनवर जाकीट घालून, एक तर चक्क लुंगीत. आणि मध्ये माझा बाप, कोट, टाय, पॉलिशचे बूट. हवाईसुंदरीने कोट वर ठेवू का विचारलं तर म्हणाले, "नो थँक्यू." जेवताना टाय शर्टाच्या दोन बटणांमध्ये खोचला. जेवण झाल्यावर स्वतः उठले, मागे खाणंपिणं ठेवतात तिथल्या पडद्यापर्यंत चालत गेले, तिथे थोडं उभे राहिले, परत आले. डॉक्टरांचं एवढं मात्र इमानदारीने पाळत होते. येताजाता लोकांकडे पाहून मान झुकवायचे. खुशीत होते.

पण बसले की पँट मांडीवर तटतट ताणली जायची. कमरेचा पट्टा पोटात रुतलेला. चार-पाच तासांनी त्यांचा हात सारखा पोटरीकडे जायला लागला. मी पिशवीवर हात ठेवून म्हटलं, "बाबा, बदलता का?"

"न्यूयॉर्क आलं का मोकळं करतो."

"न्यूयॉर्क येईल हो. तुम्ही याल का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. असं मी बोलायला नको होतं, पण मला भीती वाटत होती. भीती वाटली की मी वाईट बोलते, माझी रीतच आहे ती. ते उठले आणि पुन्हा चालायला गेले.

खिडक्यांचे पडदे ओढलेले होते, दिवे मंद केले होते, बाहेर ऊन होतं की काय कोणास ठाऊक. बाबा मागे पडद्यापाशी उभे, एक हात खुर्चीच्या पाठीवर. मी मान वळवून त्यांच्या पायाकडेच पाहत होते, म्हणून मला सगळं दिसलं. कडेच्या खुर्चीवर एक बाई होती, माझ्याहून बरीच लहान, गुलाबी नाइट सूट, डोळ्यांची पट्टी कपाळावर सरकवलेली. तिने आपला उष्टा ट्रे उचलला आणि बाबांच्या पुढे धरला. "भैया, ये ले जाइए. और एक पानी."

बाबांनी ट्रे हातात घेतला. मला वाटलं आता बोलतील. इंग्रजीत बोलतील, सरकारी कचेरीत बोलायचे तसं, एकेक शब्द वजन करून. नाही बोलले. दोन्ही हातांत ट्रे धरून ते पडद्याआड गेले, आणि बाहेर आले तेव्हा हातात पाण्याचा ग्लास होता. तो त्यांनी तिला दिला. तिने मान वर करून पाहिलंही नाही. प्यायली.

मी कशी उठले मला आठवत नाही. बाबांच्या रिकाम्या खुर्चीवर चढून गेले बहुतेक. त्या बाईपाशी जाऊन म्हटलं, "ये मेरे पिताजी हैं. इस विमान के नौकर नहीं हैं."

ती दचकली. "ओह सॉरी, आंटी. वो कोट-टाय था ना, तो मुझे लगा..."

"क्या लगा?"

"अवं, चाल ना," बाबा माझ्या मागून म्हणाले. "लोक झोपून राहिले."

"नाही, सांगू द्या तिला. क्या लगा, बोलिए!"

तिने पट्टी डोळ्यांवर ओढली. दोन-चार डोकी वर झाली. बाबांनी माझं मनगट धरलं आणि मला जागेवर आणलं, शाळेतून आणायचे तसं. बसल्यावर मी विचारलं, "पाणी काहून देल्लं तिले?"

"तहान लागली होती तिले."

"आणि तुम्ही काहीच बोलले नाही?"

 त्यांनी टायची गाठ सोडली, टाय काढला. कोट काढला. घडी केली आणि माझ्या मांडीवर ठेवला. "दे तो पँट. तुया पिशवीत आहे."

म्हणजे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

महिनाभर मी या शब्दांसाठी भांडले होते. बाबांशी, आत्याशी, सगळ्यांशी. आणि आता ते आले तर माझ्याने पिशवीची चेन उघडेना. पण पाय होता ना. मी पँट काढून दिली. बाबा संडासात गेले आणि बऱ्याच वेळाने आले, सूटची पँट हातावर, अंगात शर्ट आणि ती राखाडी विजार. इतके बारीक ते मला कधी दिसले नव्हते. बसले, चादर गळ्यापर्यंत ओढली, डोळे मिटले.

मला वाटलं, चला, निदान पाय तरी सुटला.  मग म्हटलं, "बाबा, चालून या एकदा."

"झोप येऊन राहिली."

अर्ध्या तासाने पुन्हा म्हटलं. त्यांनी चादर आणखी वर ओढली. झोपेत नव्हते, पापण्या हलत होत्या. त्यांचा हात चादरीखालून पोटरी दाबत होता, आणि उठायचं नाव नाही. मला तेव्हा कळलं की हे आता न्यूयॉर्क येईपर्यंत उठणार नाहीत. सैल पँट घालून, चादरीत तोंड लपवून, बसल्या जागी गुठळी करून घेतील पण त्या बाईच्या समोरून जाणार नाहीत.  ज्या कोटासाठी मी महिनाभर या माणसाचा जीव खाल्ला, त्या कोटाने निदान त्यांना चालवलं तरी होतं.

मी उठले. बाबांना गुडघे आवरायला लावून बाहेर आले. वाटेत उभी राहून कोटाची घडी मोडली, झटकला आणि दोन्ही हातांनी उघडून धरला.

"उठा."

"बस खाली. लोक पाहतेत."

"पाहू द्या. हात घाला."

"यावर कोट? डोकं फिरलं का तुयं?"

"हो, फिरलं. हात घाला म्हणते ना!"

माझा वर्गातला आवाज आहे तो, शेवटच्या बाकापर्यंत जातो. आठ-दहा रांगा जाग्या झाल्या. ती गुलाबी बाईही उठून पाहायला लागली. मी म्हटलं, पाहा. बाबांनी चादर बाजूला केली, खुर्चीच्या दांड्याला धरून उभे राहिले, डावा पाय जरासा आपटला. एक हात घातला. मग दुसरा. मी समोर येऊन बटणं लावली. खाली ती राखाडी विजार, विमानवाल्यांनी दिलेल्या सपाता, वर नेव्ही ब्लू कोट. पाहणाऱ्याला हसू यावं असंच ध्यान होतं. कोणी हसलं असतं तर मी त्याचं काय केलं असतं, देव जाणे, आणि देव तर आम्ही मानत नाही.

मी त्यांचा दंड धरून वळले, तर ते जागचे हलेनात.

"आता काय?"

"टाय," बाबा म्हणाले.

मी खुर्चीवरून टाय उचलून दिला. त्यांनी कॉलर उभी केली, आरसा नाही काही नाही, माझ्या तोंडाकडे पाहत गाठ बांधायला लागले. सोडली, पुन्हा बांधायला घेतली. मागून पाण्याची गाडी येऊन अडली. गाडीमागची मुलगी दोनदा म्हणाली, "एक्सक्यूज मी, मॅम. सर, प्लीज." मी हात आडवा केला.

"थांब वं पोरी," मी म्हटलं, "बाबा टाय बांधून राहिले."